बिनमिठाचे डबे

सोम. ३ नोव्हें.

आठ डबे. चार साखरेचे, तीन बी.पी.चे, एक किडनीचा. किडनीचा म्हणजे नानांचा. अनसिंगची शेती भावावर सोडून म्हातारा वाशिमात राहायला आला, कारण दर मंगळवार-शुक्रवार डायलिसिस. मीठ बंद. पाणी मोजून. भाजी चिरून दोन तास पाण्यात ठेवायची, ते पाणी फेकायचं, मग शिजवायची. अकरा वर्षं हेच करते आहे. वाशिमात पथ्याचा डबा म्हटलं की वंदनाताई, असं डॉक्टर स्वतः सांगतात पेशंटला.

आज नानांच्या सुनेनं, पल्लवीनं, दारात थांबवलं. हातात वही.

"ताई, राग नका मानू. भाजीचं पाणी फेकता न तुमी? अन् डाळीत खायचा सोडा तर नाही न टाकत? त्याच्यातही सोडियम असते, म्हून विचारलं."

तिच्या सासूबाई, माई, तिथंच झोपाळ्यावर. हसल्या. "बी.एस्सी. हाय न थे. वाचल्याबिगर तिले पाणी गोड लागत नाही."

मीही हसले. स्कूटीवर घरी येईपर्यंत हसतच होते, तोंड दुखलं. चोवीस वर्षांची पोरगी. मला सोडा शिकवते.

डबा अर्धा परत. नानांचं रोजचं एकच वाक्य, "ताई, माती बरी याच्यापरीस." मरणाच्या दारात बसलेत, जिभेचे चोचले काही जात नाहीत.

गुरु. ६ नोव्हें.

बाथरूमात घसरले. डावं मनगट. प्लॅस्टर, तीन आठवडे. स्कूटी बंद, डबे रिक्षानं पोचवायचे.

सुभद्राबाई म्हणाली, "मी हाव न." नऊ वर्षं आहे माझ्याकडे. पोळ्या उत्तम. अक्षरओळख शून्य. आठही डब्यांचं पथ्य माझ्या डोक्यात आहे, तिच्या नाही. एका हातानं भाजी चिरून पाहिली. दोडका ताटाबाहेर, अर्धा जमिनीवर.

शनि. ८ नोव्हें.

रेणूचा नागपूरहून फोन. माझी लेक, नोकरी करते, नवराही करतो. "आई, पाकिटं आण न. पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवायचं, कापायचं, ओतायचं. आम्ही रोज तेच खातो." जिच्या आईनं जन्मभर लोकांना रांधून घातलं, ती लेक पिशवी कापून जेवते. हे ऐकून घेतलं.

तरी गेले. स्टेशन रोडवरच्या नव्या मोठ्या दुकानात अख्खी भिंत पाकिटांची. फोडणीची डाळ, पालक, खिचडी, सूपची पूड. सहा घेतली. फक्त माझ्यासाठी, हात बरा होईपर्यंत.

दुपारी डाळीचं एक खाल्लं. खोटं कशाला लिहू इथं. माझ्या डाळीपेक्षा चांगली होती. भांडं घासताना डोळ्यात पाणी आलं, रागाचं.

मंगळ. ११ नोव्हें.

सु.बाई आली नाही. नातीला ताप. सात डबे कसेतरी भरले. नानांचा राहिला. किडनीच्या भाजीचं ते भिजवणं-फेकणं एका हातानं होईना, बारा वाजत आले, मनगट ठणकतंय.

पाकीट कापलं. उकळलेलं पाणी घालून डाळ पातळ केली. दोन वाट्या. वर कोथिंबीर.

एकच दिवस.

दोन वाजता माईंचा फोन. वाटलं, कळलं. तर म्हणतात, "ताई, काय जादू केली वं आज? यायनं डबा चाटून पुसून साफ केला. सहा महिन्यांत पह्यल्यांदा पोटभर जेवला माणूस."

मी म्हणाले, जिरं भाजून टाकलं.

शुक्र. १४ नोव्हें.

सकाळी रिकामा डबा आणायला गेले, तर नाना दारापर्यंत आले. काठी टेकत, पायजम्याची नाडी लोंबत. "ताई, डाळ द्या आज. परवासारखी." लहान मूल मागतं तसं.

सुभद्राबाई कामावर परत आली आहे. भाजी भिजवायला आता ती आहे. तरी पाकीट कापलं.

का? लिहावं तर लागेल. कारण अकरा वर्षांत माझा डबा कोणी चाटूनपुसून खाल्ला नव्हता. लोक खातात, कारण डॉक्टरनं सांगितलंय. औषधासारखं, नाक दाबून.

सोम. १७ नोव्हें.

पल्लवीनं विचारलंच. "ताई, नुसत्या जिऱ्यानं एवढा फरक?" वही नव्हती हातात, पण डोळे वहीसारखेच.

"हाताची चव असते, बाई. वहीत नसते."

माई हसल्या. पल्लवी लाल झाली. छान वाटलं. दिवसभर छान वाटलं.

गुरु. २० नोव्हें.

आज पाकिटाची मागची बाजू वाचली. आतापर्यंत मुद्दाम वाचली नव्हती, अंगठा बरोबर त्या चौकटीवर ठेवून कापायचे. बारीक अक्षर. चष्मा लावला. सोडियम. डॉक्टरांनी नानांना अख्ख्या दिवसाचं म्हणून जेवढं सांगितलंय, त्यातलं अर्ध्याहून जास्त एका पाकिटात. सूपच्या पुडीत आणखी. आणि मी संध्याकाळच्या डब्यातही देते आहे, सोमवारपासून.

चष्मा काढला.

सु.बाईनं बोट बुडवून चाटलं. "ताई, हे खारट हाय."

"तुह्या जिभेले सगळंच खारट लागते."

"काय लिवलं हाय त्याच्यावर?"

"डाळ, तेल, मसाला."

तिनं तवा उतरवला आणि उगाच दोनदा पुसला.

सोम. २४ नोव्हें.

पहिली सहा केव्हाच संपली, आणखी आणली. रिकामी पाकिटं दुधाच्या पिशवीत कोंबून घंटागाडीत टाकते. स्वतः. आधी कचरा सु.बाई टाकायची.

नानांचे पाय आज सुजलेले दिसले. चप्पल अर्धीच गेली आत. माई म्हणाल्या, थंडीनं.

मीही म्हणाले, थंडीनं.

शुक्र. २८ नोव्हें.

प्लॅस्टर निघालं. हात बारीक, पांढरा, दुसऱ्याचा वाटतो. आता कारण संपलं. उद्यापासून बंद.

मंगळ. २ डिसें.

शनिवारी, रविवारी बिनमिठाची दिली. डबा तसाच्या तसा परत. रविवारी नानांनी डबा ढकलला, डाळ चादरीवर. माईंचा रडवेला फोन, "ताई, कोणतं पाप केलं व्हतं आमी? जेवत नाही हो माणूस. दोन दिवस उपाशी."

काल दिली. जेवले.

आज डायलिसिसच्या सिस्टरनं सगळ्यांना झापलं म्हणे. चार दिवसांत अंगात एवढं पाणी चढतंच कसं. "कोण खाऊ घालून राह्यलं याह्यले चोरून? मीठ जाऊन राह्यलं पोटात, साफ दिसते." नानांचा मुलगा प्रशांत, खता-बियाण्यांचं दुकान आहे त्याचं, चारचौघांत मान खाली घालून ऐकून आला.

हे मला पल्लवीनंच सांगितलं. वाटेत गाठून. विश्वासानं. "ताई, माहं डोकंच चालत नाही. कोण देऊन राह्यलं असन?"

मी म्हणाले, शोध.

गुरु. ४ डिसें.

शोधलं. पण माईंनी.

मी डबा घेऊन पोचले तेव्हा बैठकीत सगळे उभे. टीपॉयवर लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि फरसाणचं उघडं पाकीट. पल्लवीच्या कपाटातून निघालं. तिच्या माहेरचं, शेलूबाजारचं. सासरच्या बिनमिठाच्या घरात स्वतःच्या दोन घासांसाठी लपवून ठेवलेलं. पाहताक्षणी कळलं मला. तिथं कोणालाही कळलं असतं, कळून घ्यायचं असतं तर.

माई, "सासऱ्याले मारून राह्यली हे! शेतीची वाटणी पायजे न तुले लवकर?"

पल्लवी, "माई, मी खातो थे. मी. नानाले एक दाणा नाही देल्ला."

"मंग मीठ कुठून जाते त्याह्यच्या पोटात? वंदनाताईच्या डब्यात तर कणभर नसते, अख्ख्या वाशिमले माहीत हाय."

तेव्हा पल्लवी माझ्याकडं वळली. तिला कोणीतरी तिच्या बाजूचं हवं होतं. "ताई, तुमी रोज येता. तुमी सांगा न. मी कधी काही देल्लं काय?"

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. नानासुद्धा, पलंगावरून.

मी म्हणाले, "माह्या डब्यात मीठ नसते, एवढं मी सांगतो. बाकी मी पाच मिनिटांची बाई. घरात दिवसभर काय होते, मी कायले बोलू?"

शब्द न् शब्द उतरवून ठेवला. एकही खोटा वाटणार नाही ऐकणाऱ्याला. एक मात्र आहे.

घरी येऊन जेवले. दोन भाकरी. झोप लागली दुपारी.

शनि. ६ डिसें.

आज पहाटे नानांना धाप लागली. झोपताच येईना, बसले की घुरघुर. छातीत पाणी. ॲम्ब्युलन्स. जादा डायलिसिस. वाचले.

सातला माईंचा फोन, "डबा नका आणू आज." मी विचारलं, कसे आहेत. "देवाच्या हाती."

नानांची डाळ ओट्यावर काढून ठेवलेली होती. पाकीट. न कापलेलं. उचलून कपाटात मागं ठेवलं. फेकलं नाही. का नाही फेकलं माहीत नाही.

सु.बाई भाजी निवडत होती, ऐकत होती. हात तेवढे थांबले.

मंगळ. ९ डिसें.

पल्लवीला माहेरी पाठवलं. प्रशांत स्वतः जीपमध्ये बसवून आला. बॅग एकच. कपाटाची चावी माईंनी काढून घेतली.

नाना आज घरी आले. मी बिनमिठाची डाळ नेली. भाजी दोन पाण्यात. सगळं नियमानं.

त्यांनी दोन घास खाल्ले. माझ्याकडं पाहत राहिले नुसते.

शनि. १३ डिसें.

सूज उतरली. चप्पल बसते.

माई दारातच, आनंदानं, "पाह्यलं ताई? थे गेली अन् चार दिवसांत पाय उतरले. आता तरी पटन लोकाले." शेजारच्या दोघी उभ्या. माना हलवत. एक म्हणाली, शिकलेल्या पोरी अशाच. दुसरी म्हणाली, विष देल्लं नाही हेच नशीब.

पाय उतरले, कारण मी पाकिटं बंद केली. ती गेली त्याच दिवसापासून बंद केली. भीतीनं केली. पण बाहेरून कसं दिसतं ते मला तेव्हाच दिसत होतं. अगदी स्वच्छ. मला दिसत नव्हतं असं मी इथं लिहिणार नाही.

मंगळ. १६ डिसें.

पल्लवीचा फोन. शेलूबाजारहून. आधी घेतला नाही. तीनदा वाजला.

"ताई, मले सापडलं."

माझ्या हातातून झारा खाली पडला.

"चहासंगं मी नानाले दोन बिस्किटं द्यायची. सकाळी दोन, दुपारी दोन. गोड. मले वाटे, बिस्कीट म्हंजे काय, पेशंटचंच खाणं. आज बाबाच्या दुकानातलं पाकीट उलटून पाह्यलं. सोडियम हाय ताई त्याच्यात. ब्रेडमंधीही हाय. मी सगळे पाकिटं वाचले, अख्खा रॅक. जिकडं पाह्य तिकडं हाय. मी एवढी शिकलेली, वही घेऊन फिरणारी. मले काहून नाही समजलं? माह्याच हातानं गेलं न ताई थे मीठ?"

रडत होती. मध्येच हिशोब करत होती, दिवसाला चार, महिन्याला इतकी.

चार बिस्किटांनी माणसाच्या छातीत पाणी भरत नाही. मला माहीत आहे. एक वाक्य होतं. फोन कानाला होता, घरात कोणी नव्हतं.

मी म्हणाले, "असते बाई बिस्किटातही. लोकाले समजत नाही."

"हो न," ती म्हणाली. "तुमाले माहीत व्हतं. तुमी अकरा वर्षं करून राह्यल्या. अन् मी तुमालेच शिकवाले निघाली व्हती. माफ करा ताई."

माफ केलं.

बुध. १७ डिसें.

एकही डबा जमला नाही. साखरवाल्या एकाच्या भाजीत गूळ पडला. परत मागवून घेतला.

शुक्र. १९ डिसें.

सु.बाईनं आज सकाळी पोळ्या झाल्यावर पदर खोचलेला सोडला.

"ताई, त्या पोरीनं काय केलं व्हतं?"

"कोणत्या पोरीनं?"

"मले वाचता येत नाही. चाटता येते."

मी खूप बोलले. नऊ वर्षं कोणी सांभाळलं, नातीचं औषध कोणी आणलं, उद्या बाहेर काय सांगत फिरशील, तुझं ऐकणार कोण. शेवटचं ते दोनदा म्हणाले, तुझं ऐकणार कोण.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हूनच तुमाले सांगून राह्यली. दुसऱ्या कोणाले कायले सांगू."

हात धुतले. पोळीचं फडकं घडी करून ठेवलं. गेली. उद्या येणार नाही हे दोघींनाही कळलं. दिवाळीची साडी तिनं अजून नेली नव्हती, ती आठवण करून दिली, तर म्हणाली, राहू द्या.

शनि. २० डिसें.

आली नाही.

सोम. २२ डिसें.

माई देवपूजेत. प्रशांत दुकानात. नाना एकटे, पलंगावर. डबा ठेवून निघाले, तर म्हणाले, "बसा, ताई."

बसले.

"थे डाळ पुन्हा देसान का?"

"कोणती?"

"ताई, मी साठ वर्षं जेवलो. सात महिने नाही जेवलो. मले मिठाची चव समजत नाही म्हंता?"

आत घंटा वाजत होती, माईंची आरती.

"तुमाले माहीत होतं, नाना?"

"पह्यल्या दिवसापासून."

"मग त्या दिवशी बोलले काहून नाही? पल्लवी उभी होती तिथं. तुमच्याकडं पाहत होती."

नानांनी काठीची मूठ फिरवली. "बोललो असतो त बंद झाली असती डाळ."

इतकी वर्षं स्वतःला या गावातली सगळ्यात कोरडी बाई समजत होते.

"बंद तर झालीच," मी म्हणाले.

"म्हून त सांगून राह्यलो. मी कोणाले काही बोलत नाही. तुमी देत जा."

"दिली तर पाय सुजतील. पल्लवी घरात नाही आता. मग सगळे डब्याकडंच पाहतील."

"तेच." ते पुढं वाकले. श्वासाला कसला तरी आंबूस वास. "तिले येऊ द्या परत. मंग देजा. मंग तुमच्याकडं कोणी पाह्यत नाही."

अगदी सहज म्हणाले. पाऊस थांबला की पेरणी करू, तसं.

"मरसान, नाना."

"मरतोच हाव. तोंडात चव घेऊन मरू द्या."

माई तांब्या घेऊन बाहेर आल्या. "काय म्हंतात?"

"जेवण चांगलं हाय म्हंतो," नाना म्हणाले. आणि माझ्याकडं पाहून हसले. मी दिलेल्या जेवणावर पहिल्यांदा हसले ते.

मंगळ. २३ डिसें.

कपाटात मागं तीन पाकिटं आहेत अजून. एक काढलं. ठेवलं. काढलं.

आज नाही दिली.

नानांनी डबा उघडला, वास घेतला, झाकण लावलं. माईंना हाक मारली, "अवं, इकडं ये, एक सांगाचं हाय तुले." माझ्याकडं पाहत. माई आल्या. नाना म्हणाले, "पाणी दे."

बुध. २४ डिसें.

अर्धं पाकीट. पाणी घालून. अर्धं मी खाल्लं, उभ्या उभ्या, ओट्याशी. काही चव लागली नाही.

गुरु. २५ डिसें.

प्रशांत घरी आला होता. माझ्या घरी, पहिल्यांदाच. बसला नाही. पल्लवीचे वडील आणि तिचा मामा रविवारी येणार, बैठक आहे. ती माफी मागणार आहे म्हणे. चार बिस्किटांची.

"ताई, आई तुमच्याबिगर कोणाचंच ऐकत नाही. तुमी या. दोन शब्द सांगा तिच्यासाठी. पोरगी वाईट नाही, नकळत झालं, असं. मले समजते नकळत झालं थे." तोंड वाळलेलं. दाढी वाढलेली. बायको परत पाहिजे त्याला, बस, आणि बोलायची हिंमत नाही. किती सोपं आहे याला, दोन शब्द दुसऱ्यानं सांगायचे.

येते म्हणाले.

शुक्र. २६ डिसें.

डायलिसिसला जाताना नानांची चप्पल पुन्हा अर्धी. माईंच्या लक्षात आलं नाही अजून. थंडी आहे.

आज नाही दिली. काल दिली होती.

शनि. २७ डिसें.

सु.बाईच्या घरी गेले. मागच्या गल्लीत, पत्र्याचं घर. ती दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. उठली नाही, पण पाट सरकवला.

म्हणाले, उद्या बैठक आहे.

"हाव, ऐकलं."

म्हणाले, मी पल्लवीच्या बाजूनं बोलणार आहे.

"कोणतं बोलसान?"

तिथंच बसून राहिले. शेंगा सोलायला घेतल्या, तिनं घेऊ दिल्या. म्हणाले, खरं सांगितलं तर आठही डबे बंद. अकरा वर्षांचं नाव. वाशिमात तोंड दाखवायला जागा नाही. रेणूच्या सासरी कळेल. पोलिसही आणेल प्रशांत, कोणी सांगावं. खोटं सांगितलं तर पोरगी घरात येते, संसार वाचतो, सगळे माझं नाव काढतात.

"मंग त बरंच हाय," ती म्हणाली.

"बरं नाही. म्हातारा पुन्हा मागतो. मी पुन्हा देईन. तो पुन्हा सुजेल. आणि मग पुन्हा तिच्यावरच..."

वाक्य पुरं केलं नाही. सु.बाईनं सूप झटकलं. टरफलं माझ्या पायावर उडाली. मुद्दाम की कसं, कळलं नाही.

निघताना म्हणाली, "ताई, मी येऊ का संगं?"

नको म्हणाले. मग वाटेत वाटलं, हो म्हणायला पाहिजे होतं. परत वळले नाही.

रवि. २८ डिसें.

आज डबे बंद ठेवले, सगळ्यांना कळवलं. अकरा वर्षांत आजारपण सोडून पहिल्यांदा.

नऊला पल्लवीचा फोन. शेलूबाजारहून निघाले होते, जीपच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं. "ताई, तुमी हाव म्हून हिंमत हाय. तुमी सांगजा, बिस्किटाचं तिले माहीत नव्हतं. बाकी काही नका सांगू. मी पाया पडतो सगळ्याच्या. अन् ताई, मी परत आली न, मंग मले शिकवा तुमी. बिनमिठाचं कसं चवदार करता थे. नानासाठी मी स्वतः करीन."

बरं म्हणाले. बरं, हाच शब्द.

कपाटातलं शेवटचं पाकीट पर्समध्ये घातलं. मग काढलं. मग पुन्हा घातलं. दाखवायला घेतलं की नानांना द्यायला, खरंच मला माहीत नाही. लिहून तरी कळेल म्हणून बसले. नाही कळत.

पावणेअकरा. प्रशांतचा फोन. सगळे आले, बसले. पल्लवीनं आल्या आल्या पदर खोचून चहा केला, सगळ्यांपुढं ठेवला. तिच्या हातचा अजून कोणी उचलला नाही. माझ्यासाठी थांबलेत.